सात अधिक पाच म्हणजे ‘<’? असेंब्लीतल्या कन्सोल रुटीनच्या या चुका टाळा

इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला असेंब्ली भाषेत बेरजेचा प्रोग्रॅम लिहिला, ७ आणि ५ दिले आणि उत्तरात ‘<’ उमटलं, तर बेरीज चुकलेली नसते. प्रोसेसरने १२ च काढलेले असतात. १२ मध्ये ४८ (एका अंकाचं अक्षर करायला मिळवतात तो आकडा, कारण ‘०’ चा आस्की कोड, म्हणजे अक्षराचा क्रमांक, ४८ आहे) मिळवून ते थेट स्क्रीनवर पाठवले गेले आणि ६० हा ‘<’ चा आस्की कोड आहे, इतकंच. वाचलेल्या अक्षरातून ४८ वजा न करता ‘५’ आणि ‘३’ ही अक्षरंच मिळवली, तर ५३ अधिक ५१ म्हणजे १०४, आणि स्क्रीनवर इंग्रजी छोटा एच.

कन्सोलवर वाचण्या-लिहिण्याच्या रुटीनमध्ये गणित क्वचितच चुकतं. बिघडते ती देवाणघेवाण. रुटीन डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमला नेमकं काय देतं, डॉस काय परत करतो आणि या व्यवहारात कुठलं रजिस्टर (प्रोसेसरमधली छोटी साठवणीची जागा) बदलून जातं, या तीन जागा तपासल्या तर बहुतेक चुका तिथेच सापडतात. उदाहरणं ८०८६ आणि एमएस-डॉसची घेतली आहेत. डॉसकडून काम करून घ्यायला त्या कामाचा, म्हणजे फंक्शनचा, क्रमांक एएच रजिस्टरमध्ये ठेवून इंट २१एच ही सूचना द्यायची असते. फंक्शनचे क्रमांक दशमानात आहेत. म्हणजे पुस्तकातलं ०ए इथे १० आहे आणि ४सी इथे ७६.

मेसेजऐवजी कचरा

मेसेज छापणाऱ्या फंक्शन ९ ला मेसेजच्या पत्त्याचे दोन भाग लागतात: डीएस रजिस्टरमध्ये सेगमेंट आणि डीएक्समध्ये ऑफसेट. ईएक्सई प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा डीएस तुमच्या डेटा सेगमेंटकडे बोट दाखवत नसतो. तो असतो पीएसपीवर, म्हणजे डॉसने प्रोग्रॅमसमोर ठेवलेल्या २५६ बाइटच्या ठोकळ्यावर. त्या ठोकळ्याचे पहिले दोन बाइट हेक्समध्ये सीडी आणि २०. मेसेज डेटा सेगमेंटच्या अगदी सुरुवातीला असेल आणि डीएस भरायचा राहिला असेल, तर स्क्रीनवर आधी ‘═’ हे दुहेरी आडव्या रेघेचं चिन्ह येतं, मग मोकळी जागा आणि पुढे जे काही असेल ते. हे चिन्ह दिसलं की लॉजिक शोधत बसू नका, पहिल्या दोन ओळी बघा. ‘अझ्यूम’ची ओळ लिहिली म्हणजे डीएस भरला, असं धरून चालणारे बरेच असतात. अझ्यूम ही फक्त असेंब्लरला दिलेली माहिती आहे. प्रोसेसरपर्यंत त्यातलं काही पोचत नाही. डेटा सेगमेंटचा पत्ता आधी एएक्समध्ये आणि तिथून डीएसमध्ये न्यावा लागतो, कारण सेगमेंट रजिस्टरमध्ये थेट आकडा टाकणारी मूव्ह सूचना ८०८६ मध्ये नाही.

दुसरा कचरा ‘$’ विसरल्याचा. फंक्शन ९ लांबी विचारत नाही, ‘$’ मिळेपर्यंत छापत जातं. एका मेसेजच्या शेवटी ते राहिलं, तर पुढचा मेसेज त्यालाच जोडून येतो. शेवटच्या मेसेजला राहिलं, तर मेमरीत पुढे जे असेल ते येतं. ही रीत डॉसच्या आधीची आहे. गॅरी किल्डाल यांनी १९७४ मध्ये इंटेल ८०८० साठी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. तिच्यात फंक्शनचा क्रमांक सी रजिस्टरमध्ये ठेवून ५ या पत्त्यावर कॉल करायचा असे. १ म्हणजे एक अक्षर वाचणं, २ म्हणजे एक लिहिणं, ९ म्हणजे ‘$’ पर्यंतची ओळ, १० म्हणजे अख्खी ओळ वाचणं. टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये ८०८६ साठी डॉसचा पूर्वज लिहिला तेव्हा सीपी/एमचे प्रोग्रॅम सहज आणता यावेत म्हणून हेच क्रमांक ठेवले. ‘$’ सुद्धा त्यांच्यासोबत आलं. मेसेजमध्ये खरोखरच ‘$’ छापायचं असेल तर ९ चा नाद सोडा. फंक्शन ६४ वापरा, बीएक्समध्ये १ (म्हणजे स्क्रीन), सीएक्समध्ये लांबी, डीएक्समध्ये पत्ता.

उत्तर नेहमी ‘टी’ च येतं

हा बिघाड मला सगळ्यात आवडतो, कारण कोड वाचून तो दिसत नाही. बेरीज एएलमध्ये आहे. आता ‘बेरीज =’ असा मेसेज फंक्शन ९ ने छापला, मग एएलमध्ये ४८ मिळवले आणि फंक्शन २ ने अक्षर पाठवलं. कुठलेही आकडे द्या, उत्तर इंग्रजी मोठा टी. कारण एमएस-डॉसमध्ये फंक्शन ९ परतताना एएलमध्ये ‘$’ चा कोड, म्हणजे ३६, ठेवून येतं. ३६ अधिक ४८ म्हणजे ८४, आणि ८४ म्हणजे टी. फंक्शन २ सुद्धा एएल बदलतं, तिथे छापलेलं अक्षर येतं. एम्युलेटर याबाबतीत मूळ डॉसशी तंतोतंत जुळेलच असं नाही. त्यामुळे घरी चाललेला प्रोग्रॅम लॅबमध्ये एक्स्टर्नलसमोर नांगी टाकू शकतो. इंट २१एचच्या आधी जे जपायचं ते बीएक्समध्ये हलवा किंवा पुश करून स्टॅकवर ठेवा, आणि एएल टिकलं तरी ते टिकलं नाही असंच समजा.

याचाच भाऊ म्हणजे एएएम नंतरची चूक. एएएम ही बेरजेचे अंक वेगळे करणारी सूचना दशक एएचमध्ये आणि एकक एएलमध्ये देते. पुढच्याच ओळीत फंक्शनचा क्रमांक टाकायला एएचमध्ये २ लिहिला की दशक गेलं. एएएमच्या लगेच खाली एएक्स (एएच आणि एएल मिळून) बीएक्समध्ये उचलून ठेवायचं आणि छपाई तिथून करायची.

फंक्शन १० चा बफर

या एका फंक्शनवर जितक्या चुका होतात तितक्या बाकी सगळ्यांवर मिळून होत नसतील. त्याच्या बफरचा पहिला बाइट तुम्ही भरायचा: जास्तीत जास्त किती अक्षरं, एंटर धरून. दुसरा बाइट डॉस भरतो: किती आली, एंटर सोडून. मजकूर तिसऱ्या बाइटपासून. पहिल्या बाइटात ५ लिहिले तर चारच अक्षरं टाइप होतात आणि पाचव्याला बीप वाजते. ‘की-बोर्ड अडतोय’ अशी तक्रार आली तर आधी हा आकडा बघावा.

पुढे छापताना सोय व्हावी म्हणून काही जण २० बाइटचा बफर आधीच सगळा ‘$’ ने भरून ठेवतात. युक्ती हुशारीची वाटते, पण मग पहिला बाइटही ‘$’, म्हणजे ३६. डॉसला वाटतं ३६ अक्षरांची जागा आहे. कोणी लांब नाव टाइप केलं की पुढचे १८ बाइट तुडवले जातात, आणि तिथे बहुधा तुमचाच पुढचा मेसेज असतो. मर्यादेचा बाइट, संख्येचा बाइट आणि मजकुराची जागा अशा तीन वेगळ्या ओळी लिहिल्या की हा प्रश्न उरत नाही.

वाचून झाल्यावर कर्सर त्याच ओळीच्या सुरुवातीला येतो, खालच्या ओळीवर जात नाही. म्हणून तुमचं पुढचं छापलेलं टाइप केलेल्या मजकुरावर चढतं. मेसेजच्या सुरुवातीला १३ (ओळीच्या सुरुवातीला नेणारा) आणि १० (खालच्या ओळीवर नेणारा) हे दोन्ही बाइट हवेत. नुसता १० दिला तर कर्सर त्याच स्तंभात खाली उतरतो, आणि ओळी जिन्यासारख्या तिरक्या येऊ लागतात.

आणि नुसतं एंटर दाबलं तर? संख्या शून्य. ती सीएलमध्ये (सीएक्सचा खालचा अर्धा भाग, वरचा सीएच) घेऊन लूप चालवला, तर लूप ही सूचना आधी सीएक्समधून एक वजा करते आणि मग शून्य आहे का ते बघते. शून्यातून एक गेला की ६५५३५ होतात, म्हणून लूपमधला कोड ६५५३६ वेळा चालतो. लूपच्या वर जेसीएक्सझेड (सीएक्स शून्य असेल तर लूप ओलांडून जाणारी सूचना) हवंच. सीएच शून्य करायलाही विसरू नका, मागचं काही तिथे उरलं असेल तर मोजणी शेकड्यांनी वाढते.

आकडे छापताना

दहाने भागत जा, बाकी पुश करत जा, मग पॉप करत छापा. कृती सोपी आहे आणि ती डीएक्सवर अडते. १६ बिटचा भागाकार डीएक्स आणि एएक्स मिळून झालेल्या ३२ बिटच्या संख्येवर चालतो. पहिल्या फेरीत डीएक्समध्ये मेसेजचा पत्ता वगैरे राहिला असेल आणि तो दहा किंवा जास्त असेल, तर ‘डिव्हाइड ओव्हरफ्लो’ येऊन प्रोग्रॅम थांबतो. हे एक प्रकारे बरं, निदान चूक कळते. डीएक्स फक्त लूपच्या बाहेर एकदा शून्य केला, तर ओव्हरफ्लो कधीच येत नाही, कारण उरलेली बाकी दहापेक्षा लहानच असते. उत्तर मात्र भलतंच. १२३४ ला पहिल्या फेरीत भागाकार १२३ आणि बाकी ४. दुसऱ्या फेरीत १२ यायला हवेत, तिथे येतात २६२२६. पुश चालूच, आणि लूप कधी थांबेल याचा भरवसा नाही. डीएक्स शून्य करण्याची ओळ लूपच्या आत, भागाकाराच्या लगेच वर.

८ बिटचा भागाकार वापरत असाल तर भागाकार एएलमध्ये मावला पाहिजे. २५५९ ला दहाने भागलं की २५५ येतात, चालतं. २५६० ला २५६, आणि प्रोग्रॅम कोसळतो. लहान आकडे देऊन चाचणी घेतली तर हे कधीच दिसणार नाही.

हेक्स छापताना ९ च्या पुढच्या अंकाला आणखी ७ मिळवावे लागतात, नाहीतर ए च्या जागी ‘:’ येतो. मूळ ८०८६ वर चार बिट फिरवायला सीएलमध्ये ४ ठेवावे लागतात. त्याच वेळी लूपची मोजणी सीएक्समध्ये असेल तर दोघं एकमेकांना मारतात. मोजणी सीएचमध्ये घ्या आणि लूपऐवजी डेक (एक वजा करा) व जेएनझेड (शून्य नसेल तर परत जा) वापरा.

छोट्या गोष्टी, भराभर: बाणाची किंवा एफ-१ सारखी कळ आधी शून्य देते आणि खरा कोड पुढच्या वाचनात येतो, म्हणून वरचा बाण दाबल्यावर इनपुटमध्ये मोठा एच घुसतो. पुश आणि पॉप जुळले नाहीत तर रेट (रुटीनमधून परतण्याची सूचना) परतीचा पत्ता म्हणून एखादा अंकच उचलतो. शेवटी प्रोग्रॅम संपवणारं फंक्शन ७६ राहिलं तर प्रोसेसर पुढचे बाइट सूचना समजून चालवत सुटतो.

चूक शोधायची असेल तर डीबग हा डॉसचा तपासणीचा प्रोग्रॅम उघडा. इंट २१एचवर टी (एकेक सूचना चालवण्याची आज्ञा) दिला की तुम्ही डॉसच्या पोटात शिरता आणि हरवता. तिथे पी द्या, कॉल पुरा होऊन पुढच्या ओळीवर थांबतो. आता एएक्स बघा, आणि डी (मेमरी दाखवण्याची आज्ञा) देऊन बफरचे पहिले दोन बाइट बघा.

लिनक्सवर नॅस्म असेल तर

काही अभ्यासक्रमांत डॉसऐवजी लिनक्सवरचं ६४ बिट नॅस्म (एक असेंब्लर) असतं. नावं बदलली तरी चुकांची जात तीच. ६४ बिटच्या सिसकॉलमध्ये (लिनक्सकडून काम करून घेण्याच्या सूचनेत) लिहिणं म्हणजे १, वाचणं ०, बाहेर पडणं ६०. जुन्या इंट ८०एचमध्ये तेच ४, ३ आणि १. आरएएक्समध्ये १ ठेवून सवयीने इंट ८०एच लिहिलं, तर प्रोग्रॅम काहीही न छापता, कसलीही तक्रार न करता संपतो. त्याला तुम्ही बाहेर पडायलाच सांगितलेलं असतं. सिसकॉल आरसीएक्स आणि आर११ पुसून टाकतो, त्यामुळे लूपच्या आत छपाई असेल तर मोजणी जपून ठेवावी लागते. मेसेजची लांबी काढणारी ओळ मेसेजच्या अगदी खालीच हवी. मध्ये दुसरा मेसेज आला की दोघांची लांबी धरली जाते.

वाचलेल्या लांबीत लिनक्स एंटरचा बाइटही मोजतो, डॉसचं फंक्शन १० मोजत नाही. शंका आली तर प्रोग्रॅम एसट्रेसखाली (केलेले सिसकॉल दाखवणारं साधन) चालवा. १२ टाइप केल्यावर वाचण्याच्या ओळीपुढे ३ दिसतात. तिसरा बाइट १० आहे. अंक समजून त्यातून ४८ वजा केले तर उणे ३८ येतात, आणि तेच पुढे बेरजेत जातात.