गुलाबाची पानं पिवळी पडतायत? युरिया टाकण्याआधी ठिपका बघा

श्रावण-भाद्रपदात उघड्या रानातल्या गुलाबाची खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, की हात आधी युरियाच्या गोणीकडे जातो. जरा थांबा. एक पान तोडून उजेडात धरा. वरच्या बाजूला काळा, गोलसर ठिपका आणि त्याची कड झालरीसारखी विस्कटलेली दिसली, तर झाड उपाशी नाही. तो काळ्या ठिपक्यांचा रोग आहे, डिप्लोकार्पॉन रोझी नावाच्या बुरशीचा. वर युरियातलं नत्र दिलंत तर कोवळी पालवी फुटेल, आणि बुरशीला तीच तर हवी असते.

भुरी हा बुरशीचाच पण वेगळा रोग. पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं, कोवळी पानं वळतात, कळीच्या देठावरही येते. ती दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत आणि गार रात्रींत जोर धरते. तिला पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम. भर उन्हात मात्र मारू नका, पानं करपतात.

काळ्या ठिपक्यांना ओलं पान लागतं. सलग सातएक तास पान ओलं राहिलं की बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, रुजतो. म्हणून संध्याकाळी झाडावरून पाइपनं पाणी मारणं बंद. ठिबक नसेल तर सकाळी, बुंध्याशी द्या.

फवारणीआधी माझा जोर गळलेल्या पानांवर. बुरशी त्यांच्यात जिवंत राहते, पावसाचा थेंब आपटला की बीजाणू खालच्या पानांवर उडतात. रोग खालून वर चढतो तो असा. पानं आठवड्याला वेचा आणि जाळा किंवा खोल गाडा. बांधावर ढीग घालाल तर वेचणीची मजुरी पाण्यात.

मग उघडीप बघून मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, 15 लिटरच्या पंपाला 35 ते 40 ग्रॅम, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण) घालून, पानांच्या दोन्ही बाजू भिजतील असं. पाऊस चालू असेल तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा. ठिपका पडलेलं पान त्यानं बरं होत नाही, नवं पान वाचतं. फुलांचा तोडा उरकल्यावरच मारा, नाहीतर पाकळीवर पिवळट डाग राहतात आणि बाजारात माल मागे पडतो. डबीवरची सूचना वाचा, हातमोजे घाला.

ऑक्टोबरच्या छाटणीत जांभळट-काळे डाग असलेल्या काड्या आधी काढा, बुरशी तिथंही मुक्काम करते. कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, आणि छाटलेल्या काड्या त्याच दिवशी रानाबाहेर काढा.