स्वस्त बेसचे पिकअप बदलण्याआधी पट्टीने मोजा

स्वस्तातल्या जॅझ बेसचा (दोन पिकअपच्या बेस गिटारचा) आवाज गढूळ येत असेल, तर आधी तारा बदला आणि पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागांची, उंची स्क्रूने थोडी वर-खाली करून बघा. बरेचदा तेवढ्यावरच भागतं.

तरी समाधान नसेल, तर नवे मागवण्याआधी जुने पिकअप मोजा. फेंडरच्या नेहमीच्या मापात ब्रिजजवळचा (तारा जिथे अडकवतात तिथला) पिकअप नेकजवळच्यापेक्षा (गिटारच्या मानेकडच्यापेक्षा) साधारण ३ मिलिमीटर लांब असतो. काही स्वस्त बेसमध्ये मात्र दोन्ही एकाच मापाचे. तेवढ्या फरकापायी लाकूड कोरत बसावं लागतं.

शक्यतो जोडीच घ्या. तिच्यात एकाची गुंडाळी आणि चुंबकाची दिशा दुसऱ्याच्या उलट असते, म्हणून दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की घूं-घूं बंद होते. एकच बदललात आणि दोन्ही मिळून आवाज पातळ, बिनबुडाचा आला, तर नव्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

खोललंच आहे तर पॉटही (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे फिरते भाग) बदला. मुंबईच्या दमट हवेत स्वस्त पॉट लवकर खरखरायला लागतात. लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा बाजार) जाताना जुना पॉट खिशात असू द्या, दांडा आणि भोक जुळायला हवं. २५० के (किलोओहम), ऑडिओ टेपर (कानाला आवाज सारखा चढत जाणारा) असं स्पष्ट सांगा.

सोल्डरचे डाग सोडवण्याआधी वायरिंगचा फोटो काढा. ब्रिजखालून येणारी बारीक अर्थ वायर पुन्हा जोडायला विसरू नका: तारांना हात लावल्यावर घूं-घूं कमी होते ती तिच्यामुळेच.