डब्लिनच्या रस्त्यांवर फोटो काढताना या चुका टाळा

मुंबई-पुण्याहून डब्लिनला आलेला हौशी फोटोग्राफर सगळ्यात आधी वेळेत चुकतो. दुपारचं ऊन डोक्यावर असतं, तेव्हा कॅमेरा काढायचा नाही, ही आपली सवय. इथे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 13 अंश वर येतो आणि चारनंतर लगेच मावळतो. ऊन पडलंच तर दिवसभर सावल्या लांबच लांब! संध्याकाळची वाट बघत बसलात तर हाती फक्त अंधार लागतो. जूनमध्ये मात्र सूर्यास्त दहाच्या सुमारास, त्यामुळे जेवून निघालात तरी चालतं. आणखी एक: लिफी नदी पश्चिमेकडून पूर्वेला वाहते. म्हणून हिवाळ्यात ऊन हवं असेल तर उत्तर काठ धरा. दक्षिण काठाचा फुटपाथ बहुतेक इमारतींच्या सावलीत असतो.

ढगाळ दिवशी पांढरं आकाश चौकटीत आलं की कॅमेरा फसतो आणि माणसं काळवंडतात. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे प्रकाश दुप्पट घ्या, नाहीतर सरळ आकाश कापा. बसच्या एलईडी पाटीवरचा नंबर अर्धाच उमटत असेल तर शटर फार वेगवान आहे. 1/100 सेकंदाच्या आसपास आणून बघा.

हे सगळं दुरुस्त होतं. मागचं दृश्य 'स्वच्छ' करण्याची खोड मात्र महागात पडते. ट्रामच्या तारा नकोत, दुकानाची पाटी नको, क्रेन तर नकोच, असं करत लोक फोटोतून शहरच काढून टाकतात. ओ'कॉनेल स्ट्रीटचाच जुना फोटो घ्या. त्यात नेल्सनचा स्तंभ उभा दिसला तर तो मार्च 1966 च्या आधीचा, कारण तेव्हा स्फोटात स्तंभ उडवला गेला. त्या जागी स्पायर हा स्टीलचा उंच सुळका पूर्ण झाला 2003 मध्ये, आणि लुआस ट्राम या रस्त्यावर धावू लागली 2017 च्या डिसेंबरात. आज नकोशी वाटणारी तार उद्या फोटोचं साल सांगते.

याच रस्त्याच्या टोकाच्या पुलावर आर्थर फील्ड्स जवळजवळ 50 वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो काढत उभे असायचे. जागा तीच; कोट, टोप्या, केशरचना आणि मागची दुकानं बदलत गेली. तेव्हा रोज नवी गल्ली शोधण्यापेक्षा एक कोपरा धरा, आणि टेम्पल बार या पर्यटकांच्या आवडत्या भागातला लाल पब सोडून द्या. तो सगळ्यांकडे आहे.

मूर स्ट्रीटवर फळवाल्या बाईंसमोर लांब लेन्स रोखू नका. आधी सफरचंदं घ्या, दोन शब्द बोला, मग विचारा. नाही म्हणाल्या तर नाही. रस्त्यावर झोपलेल्या माणसाचा फोटो, माझ्या मते, काढूच नये.

शेवटची चूक कॅमेऱ्याच्या घड्याळाची. ते भारतीय वेळेवरच राहिलं असेल तर हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहानंतरच्या प्रत्येक फोटोवर दुसऱ्या दिवसाची तारीख पडते. पहिला फोटो काढण्याआधी ते लावून घ्या. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर सरकतात. मोबाइल ते आपोआप करतो, बऱ्याच कॅमेऱ्यांत हातानेच करावं लागतं.