रेड झोनचे १२८ बाइट आणि माझे तीन आठवडे

बायनरी इन्स्ट्रुमेंटेशनच्या, म्हणजे तयार प्रोग्रॅममध्ये आपला कोड घुसवायच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितेय. व्हॅलग्राइंड कधीतरी चालवलंय, जीडीबी हाताळता येतो, असेंब्ली अडखळत का होईना वाचता येते, एवढं गृहीत धरलंय.

माझं पहिलं काम साधं वाटलं होतं. सोर्स हाताशी नसलेला प्रोग्रॅम चालू असताना प्रत्येक बेसिक ब्लॉकच्या (मध्ये उडी नसलेल्या सलग इन्स्ट्रक्शनच्या तुकड्याच्या) सुरुवातीला एक काउंटर वाढवायचा. काउंटर वाढवला की प्रोसेसरचे फ्लॅग बदलतात, म्हणून आधी ते स्टॅकवर पुश करायचे आणि नंतर पॉप करून परत घ्यायचे. ३२ बिटवर टूल कित्येक महिने बिनतक्रार चाललं. ६४ बिटवर आणलं, सगळ्या चाचण्या पास झाल्या, आणि ग्राहकाच्या प्रोग्रॅममधला चेकसम चुकायला लागला. क्रॅश नाही, एरर नाही. नुसतं चुकीचं उत्तर. तीन आठवडे मला धड झोप नव्हती.

नीट समजून घ्या. लिनक्सवर एक्स८६-६४ साठी जो सिस्टिम व्ही एबीआय (फंक्शननी स्टॅक आणि रजिस्टर कसे वापरायचे याचे नियम) आहे, त्यात स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट फंक्शनला तसेच वापरता येतात. हाच रेड झोन. सिग्नल आला तर कर्नलसुद्धा ती जागा सोडून खाली जातो. जे फंक्शन पुढे कुणालाच कॉल करत नाही, ते लीफ फंक्शन बहुतेकदा स्टॅक पॉइंटर हलवतच नाही, लोकल व्हेरिएबल या जागेत ठेवतं. आपला पुश नेमके तिथेच ८ बाइट लिहितो. ग्राहकाचं चेकसमचं फंक्शन लीफ होतं. आमच्या चाचण्यांत मात्र प्रत्येक फंक्शनमध्ये प्रिंटएफ होतं, आणि कॉल करायचा असला की कंपायलर स्टॅक पॉइंटर आधीच खाली घेतो. म्हणून काही दिसलं नाही. ३२ बिटच्या एबीआयमध्ये रेड झोनच नाही, ६४ बिट विंडोजवरही नाही.

उपाय म्हणजे पुशच्या आधी १२८ बाइट खाली सरकायचं. पण सरकायला सब वापरू नका! सब फ्लॅग बदलतो, म्हणजे जे जपायचं तेच आधी गेलं. लीआ (पत्ता काढणारी इन्स्ट्रक्शन) वापरा, तो फ्लॅगना हात लावत नाही. पॉप झाल्यावर वर येतानाही लीआच, ॲड नाही. मी तिथे ॲड लिहिला होता, त्यात आणखी दोन दिवस गेले.

वाट दाखवली ती एका ज्येष्ठ सहकाऱ्याने. तो एवढंच म्हणाला, "त्या पत्त्यावर शेवटचं कोणी लिहिलं, ते बघ." हार्डवेअर वॉचपॉइंट लावला, तर लिहिणारा कोड आमचाच निघाला. उत्तर हातात देणाऱ्यापेक्षा असा प्रश्न विचारणारा माणूस शोधा. आणि जुन्या प्रोजेक्टमधून ट्रॅम्पोलिनचा, म्हणजे प्रोग्रॅममधून आपल्या कोडकडे नेऊन परत आणणारा कोड उचलू नका. माझा तसाच उचललेला होता.

पहिल्या वर्षी स्वतःचं इंजिन लिहायला घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. पिन किंवा डायनॅमोरिओ ही तयार इंजिनं घ्या. रजिस्टर, फ्लॅग, रेड झोन हे सगळं ते सांभाळतात. डायनॅमोरिओचा सोर्स खुला आहे, कसं सांभाळतात ते वाचता येतं. सुरुवातीला काहीच कळणार नाही. मलाही कळलं नव्हतं, घाबरू नका. मात्र तुमचं टूल आणि प्रोग्रॅम एकच लिबसी (सी भाषेची स्टँडर्ड लायब्ररी) वापरत असतील, तर ॲनालिसिस रूटीनमध्ये, म्हणजे आपण घुसवलेल्या फंक्शनमध्ये, मॅलोक किंवा प्रिंटएफ अजिबात नको: प्रोग्रॅमने तेच लॉक धरलेलं असलं की दोघंही अडकतात.

टूल चाललं म्हणून काम संपत नाही. नवा प्रोसेसर नव्या इन्स्ट्रक्शन आणतो, नवा कर्नल नवे सिस्टिम कॉल, आणि काल चालणारा प्रोग्रॅम आज तुमच्या टूलखाली पडतो. अशा प्रत्येक तक्रारीची आम्ही छोटी चाचणी करून ठेवतो. त्या यादीत सर्वात वर एक लीफ फंक्शन आहे, ऑप्टिमायझेशन बंद ठेवून कंपाइल केलेलं. ते टूलशिवाय आणि टूलखाली चालवून दोन्ही उत्तरं ताडून बघितल्याशिवाय आम्ही रिलीज करत नाही.