या चुका टाळा: सीएसव्ही कॉमावर तोडू नका

पायथन शिकायला लागलं की पहिली सीएसव्ही (रकाने कॉमाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) सगळे एकाच पद्धतीने वाचतात. ओळ घ्यायची, स्प्लिट करून कॉमावर तोडायची, झालं. पहिल्या दहा ओळी नीट आल्या की गडी खूश. मीही झालो होतो.

सांगलीत एका अडत दुकानाच्या हळदीच्या सौद्यांचा हिशोब मी स्क्रिप्टवर घेतला. माल 10 क्विंटल, दर 12500, रक्कम 1,25,000. रकमेत कॉमा, म्हणून फाइलमध्ये ती दुहेरी अवतरणात होती. मला ती अवतरणं खुपली. रिप्लेस मारून उडवली आणि मग स्प्लिट केलं. रक्कम झाली 1, शेजारच्या हमालीच्या रकान्यात 25 बसले, तोलाईत 000. एरर एकही नाही, कारण तिन्ही आकडेच! हमाली-तोलाई वजा जाऊन शेतकऱ्याला द्यायची रक्कम निघाली उणे 24 रुपये. दिवाणजी हिशोबाची पट्टी माझ्यापुढं धरून म्हणाले, "आरं, हळद बी त्यानंच घालायची आन वर चोवीस रुपयं बी त्यानंच द्यायचं व्हय?"

आतला कॉमा सांभाळायलाच ती अवतरणं असतात. पायथनसोबत येणारं सीएसव्ही मॉड्यूल ती ओळखतं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. मी त्यातला डिक्टरीडर वापरतो, तो प्रत्येक रकाना नावाने देतो, रकाने बोटांवर मोजत बसायला नको. रकमेतला कॉमा फील्ड हातात आल्यावर काढायचा, आधी नाही. "आमच्या डेटात कॉमा नसतोच" म्हणणाऱ्यांनी पत्त्याचा रकाना उघडावा: गणपती पेठ, सांगली.

एक्सेलमध्ये मराठीचं गिचमिड होतंय? लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-8-सिग द्या. अशी फाइल वाचतानाही तेच द्या, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला न दिसणारं अक्षर चिकटतं आणि 'नाव' डोळ्यांसमोर असताना की-एरर, म्हणजे 'असा रकानाच नाही', येते. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे.

विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये ओळीआड रिकामी ओळ येते? फाइल उघडताना ओपनमध्ये न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्या.

वाचलेला आकडा मजकूरच असतो, त्यामुळे '900' हा '1200' पेक्षा मोठा ठरतो. आधी इंट करा.

आणि एक्सेलमध्ये डबल क्लिक करून "नुसती बघतो" म्हणणारे! खाते क्रमांकाचे सुरुवातीचे शून्य जातात, 15 च्या पुढचे अंक शून्य होतात, आणि सेव्ह केलं की मूळ आकडे परत येत नाहीत. मी मूळ फाइल रीड-ओन्ली ठेवतो, बघायची तर नोटपॅडमध्ये. परवाच एकाने विचारलं, "सेव्ह नाही केली ओ, फक्त कंट्रोल-एस दाबलं. चालेल ना?"