आरक्षण बदलाच्या नोटिशीवर हरकत घेताना

एका महापालिकेच्या नगररचना खात्यात मी आरेखक होतो. शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे कोणती जागा कशासाठी राखीव हे ठरवणाऱ्या नकाशात, क्रीडांगणाच्या आरक्षणाचा हिरवा रंग पुसून निवासीचा पिवळा भरायचं काम कितीदा केलं असेल! साहेबांच्या केबिनमध्ये कोण तासभर बसून गेलं हे शिपायाला ठाऊक असे, फायलीला नसे. लॉबिंगची, म्हणजे अधिकारी-पुढाऱ्यांना भेटून निर्णय आपल्या बाजूने वळवण्याच्या खटपटीची, नोंद सक्तीची करणारा कायदा आपल्याकडे नाही. २०१३ मध्ये खासदार कालिकेश सिंह देव यांनी तसं खासगी विधेयक आणलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही. त्यामुळे बिल्डरचा माणूस तोंडी बोलून काम उरकतो. तुमच्या-माझ्या हातात मात्र लेखी हरकतीचा कागदच आहे, आणि तो मुदतीत द्यावा लागतो.

ही मुदत महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ मध्ये आहे. मंजूर विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा तर महापालिकेला राजपत्रात नोटीस देऊन हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि त्यासाठी एक महिना मिळतो. ‘किरकोळ’ या सदरात शाळेचं मैदानसुद्धा बसवलं जातं, हे ध्यानात असू द्या. वर्तमानपत्रात मुंगीच्या अक्षरात ‘जाहीर सूचना’ छापून येते. तीत ‘कलम ३७(१) अन्वये’ असं दिसलं की आधी सर्व्हे नंबर बघा. खरं तर त्याच्याही आधी जागं व्हायला हवं. पुण्यासारख्या ठिकाणी विषय शहर सुधारणा समितीतून नगरसेवकांच्या मुख्य सभेत येतो, म्हणून विषयपत्रिकेवर नजर ठेवा. आयत्या वेळी दिलेल्या उपसूचनेत, म्हणजे मूळ प्रस्तावाला जोडलेल्या दुरुस्तीत, काय घुसेल याचा मात्र नेम नसतो.

नोटीस दिसल्यावर दोन कागद काढा: त्या जागेचा भाग नकाशा (आराखड्यातला तेवढाच तुकडा) आणि झोन दाखला (जागा कोणत्या विभागात किंवा आरक्षणात आहे त्याचा दाखला). फी भरली की खात्यात मिळतात. मग फाइल बघा. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात माहिती अधिकाराचा अर्ज न करता फायली बघायची सोय आहे. ही प्रथा पुणे महापालिकेत रुळली, नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने ती राज्यभरातल्या जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू झाली; तुमच्याकडे ती अजून पाळतात का, ते आधी विचारून घ्या. फाइलमध्ये सगळ्यात आधी टिपणी, म्हणजे अधिकाऱ्यांनी एकाखाली एक लिहिलेले शेरे, वाचा. फेरबदलाची मागणी कोणाच्या अर्जावरून निघाली, आणि खात्याचा मूळ अभिप्राय काय होता? खालच्याने ‘शिफारस करता येत नाही’ लिहिलेलं असतं आणि वरच्या शेऱ्यात ते फिरलेलं असतं. ते वाक्य तारखेसह उतरवून घ्या, हरकतीत वापरता येतं. फाइल ‘साहेबांकडे आहे’ असं उत्तर मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. पण त्याच्या उत्तराला ३० दिवस लागू शकतात, तेव्हा हरकत त्यासाठी अडवून ठेवू नका.

हरकत एका पानाची पुरे. साधारण अशी:

‘सर्व्हे नंबर अमुक येथील क्रीडांगणाचे आरक्षण वगळून निवासी विभाग करण्यास माझी हरकत आहे. सोबतच्या भाग नकाशानुसार या पेठेत खेळासाठी राखीव असलेली ही एकमेव जागा आहे. पर्यायी जागा प्रस्तावात दाखवलेली नाही. मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी.’

शेवटचं वाक्य विसरू नका. ‘परिसरात भ्रष्टाचार बोकाळला आहे’ वगैरे लिहू नका. सुनावणीत त्यावर विचारण्यासारखं काही नसतं.

एकच मजकूर झेरॉक्स करून सोसायटीभर सह्या घेतात, तेही मला पटत नाही. पुण्याच्या २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर ८० हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. अशा ढिगात एकसारखे कागद एकाच मुद्द्याखाली बांधले जातात. त्यापेक्षा पाच जणांनी पाच मुद्दे मांडावेत: शाळेच्या मुख्याध्यापिकेने मैदानाचं, रिक्षावाल्याने रस्त्याच्या रुंदीचं, कोणी पाणी कुठं तुंबतं त्याचं.

कागद आवक विभागात स्वतः नेऊन द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. नुसती सही चालवून घेऊ नका. नोटीस महापालिकेने नव्हे, शासनाने काढली असेल तर पत्ता बदलतो. बहुधा नगररचना सहसंचालकांकडे हरकत द्यायची असते. नोटिशीच्या शेवटच्या परिच्छेदात ते लिहिलेलं असतं.

सुनावणीत दोन-तीन मिनिटं मिळतात. नकाशा उलगडून टेबलावर ठेवा, बोट ठेवून जागा दाखवा, आणि तोंडी बोललेलं लेखी स्वरूपातही तिथंच द्या. पुढे ठराव होऊन प्रस्ताव मंत्रालयात नगरविकास विभागाकडे जातो. शासन तो मंजूर करू शकतं, बदलू शकतं, नाकारूही शकतं. म्हणून शिक्क्याच्या प्रतीची झेरॉक्स त्या विभागालाही स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती हरकतीच्या प्रतीलाच टाचून ठेवा.