मनगट-अंगठ्याचा ब्रेस कसा निवडावा आणि कसा बांधावा

ब्रेस घेण्याआधी नेमकं कुठे दुखतंय ते दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून पाहा. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या कडेवर दुखत असेल आणि बाळाला उचलताना, बरणीचं झाकण फिरवताना किंवा मोबाइलवर टाइप करताना कळ येत असेल, तर बहुधा अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरांभोवतीचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांभोवतीचं) आवरण सुजलेलं असतं. या त्रासाला ‘डी क्वेर्व्हेन’ म्हणतात. यात अंगठा आणि मनगट दोन्ही धरून ठेवणारा ब्रेस लागतो. अंगठ्याच्या अगदी बुडाशी सांधा झिजला असेल, तर पुष्कळदा मनगट मोकळं ठेवणारा छोटा ब्रेसही पुरतो. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, तर दुखणं वेगळं आहे. तिथे फक्त मनगट सरळ ठेवणारा ब्रेस हवा, अंगठा बांधून काही साधत नाही.

हात टेकून पडला असाल, तर मात्र आधी डॉक्टरांकडे जा. अंगठा ताणून वर केला की त्याच्या बुडाशी एक खळगा दिसतो. तिथे दाबल्यावर दुखलं, तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेमध्ये ही मोड कधीकधी दिसतच नाही, म्हणून दहा-चौदा दिवसांनी तो पुन्हा काढतात. या हाडाला रक्तपुरवठा मुळात कमी, त्यामुळे दुर्लक्ष झालं तर ते जुळायचं राहून जातं.

मापासाठी मनगटाचा घेर टेपने मोजा आणि ब्रेस डाव्या हाताचा आहे की उजव्या, हे पाहून घ्या. हात धुऊन पूर्ण कोरडा करा, अंगठी काढून ठेवा. सगळे पट्टे सैल करून हात आत सरकवा. आतली धातूची पट्टी अंगठ्याच्या आणि मनगटाच्या रेषेत बसली पाहिजे. आता हाताची ठेवण बघा, खरं महत्त्व तिचंच आहे. मनगट सरळ किंवा किंचित मागे झुकलेलं हवं आणि अंगठा पेला धरल्यासारखा थोडा पुढे. अंगठ्याचं टोकाकडचं पेर सहसा मोकळं राहतं. आधी मनगटाचा पट्टा लावा, मग वरचा, शेवटी अंगठ्याचा.

घट्ट बांधलं म्हणजे लवकर बरं होतं, असं अजिबात नाही. पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही, बोटं गार किंवा बधिर झाली, तर पट्टे लगेच सैल करा.

डी क्वेर्व्हेनमध्ये साधारण चार ते सहा आठवडे ब्रेस वापरायला सांगतात. मोडलेल्या हाडासाठी दिलेला ब्रेस मात्र आंघोळीलाही स्वतःच्या मनाने काढू नये. इतर दुखण्यांत ब्रेस दिवसातून काही वेळा काढून त्वचा तपासा आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर बोटं, अंगठा हळूहळू हलवा. सतत बांधून ठेवलेला सांधा आखडतो. दुखणं कमी झालं की आधी आरामाच्या वेळी ब्रेस काढायला लागा, जड कामाला ठेवा.

धुताना धातूची पट्टी बाहेर काढा, वेल्क्रो बंद करा, साध्या साबणाने हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. घामाने खाज येत असेल, तर आत पातळ सुती बाही घाला. दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर ब्रेस बदलत बसण्यापेक्षा अस्थिरोगतज्ज्ञांना हात दाखवा.